'राजा' या शब्दाचा अर्थ आणि उगम
(अग्गञ्ञसुत्ताच्या आधारे एक अभ्यास)

'राजा' हा शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गोष्टीतला राजा, पत्त्यातला राजा, बुद्धिबळातला राजा, एवढेच काय पण आई लेकराला झोपवताना 'माझा राजा' म्हणते तोही राजाच. इतका परिचयाचा शब्द असल्यामुळे त्याचा मूळ अर्थ काय, तो कोणी कोणाला आणि कशासाठी दिला, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु शब्दांच्या पोटात समाजाचा इतिहास दडलेला असतो. सत्ता वरून येते की खालून, म्हणजे देवाकडून येते की माणसांकडून, या प्रश्नाचे उत्तर प्राचीन भारतात ज्या शब्दाच्या आधारे दिले गेले तो हा शब्द. म्हणून विद्यार्थी मित्रांनी आणि संस्थेच्या सभासदांनी या शब्दाचा थोडा विस्ताराने विचार करावा, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

भाषेच्या अभ्यासकांचे मत

प्रथम भाषाशास्त्र काय सांगते ते पाहू. संस्कृतमधील मूळ शब्द 'राजन्' असा आहे. प्राचीन वैयाकरणांनी तो 'राज्' म्हणजे शोभणे, प्रकाशणे या धातूपासून आला असे मानले. जो लोकांमध्ये उठून दिसतो, तळपतो तो राजा.

आधुनिक भाषाशास्त्रज्ञ याहून मागे जातात. लॅटिन भाषेत राजाला 'रेक्स' म्हणतात, जुन्या आयरिश भाषेत 'री' म्हणतात. हे शब्द आणि आपला 'राजन्' एकाच कुळातले मानले जातात. त्या मुळाचा अर्थ सरळ करणे, सरळ रेषेत नेणे असा लावला जातो. इंग्रजीतील 'रॉयल', 'रूल' आणि 'राइट' हे शब्दही याच कुळाशी जोडतात. म्हणजे ज्याने रेघ सरळ ओढावी, लोकांना सरळ वाटेने न्यावे तो राजा.

तिसरी व्युत्पत्ती 'रञ्ज्' या धातूपासूनची. रञ्ज् म्हणजे रंगवणे, संतुष्ट करणे. आपले 'रंग', 'रंजन', 'मनोरंजन' हे शब्द याच धातूचे. प्रजेला संतुष्ट ठेवतो तो राजा, असा अर्थ महाभारतातील शांतिपर्वात आहे आणि कालिदासानेही 'रघुवंशा'त तोच घेतला आहे. काटेकोर भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती टिकणारी नाही. तरीसुद्धा ती महत्त्वाची आहे, कारण शब्द कुठून आला हे ती सांगत नसली तरी लोकांना त्या शब्दाकडून काय अपेक्षा होती हे ती सांगते. अशा अर्थ उलगडण्याला आपल्याकडे निरुक्ती म्हणतात. आणि राजा या शब्दाची सर्वांत विचारपूर्वक केलेली निरुक्ती पाली वाङ्मयात, दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्तात आहे.

अग्गञ्ञसुत्ताची पार्श्वभूमी

अग्गञ्ञसुत्त हे दीघनिकायातील सत्ताविसावे सुत्त. 'अग्गञ्ञ' म्हणजे आरंभाविषयीचे, मूळाविषयीचे ज्ञान. प्रसंग श्रावस्तीच्या पूर्वाराम विहारातला आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन तरुण भिक्षू होण्याच्या इच्छेने संघात राहत असतात. तथागत त्यांना विचारतात की, तुमचे जातभाई तुम्हाला बोलत नाहीत काय? ते सांगतात, बोलतात तर खरेच, आणि हातचे राखून बोलत नाहीत. ब्राह्मण हाच श्रेष्ठ वर्ण, तो ब्रह्म्याच्या मुखातून जन्मला, तो वर्ण सोडून तुम्ही मुंडक्या श्रमणांत गेलात, अशी त्यांची निर्भर्त्सना होत असते.

या प्रश्नाला उत्तर देताना तथागतांनी समाज कसा बनत गेला याची एक कथा सांगितली. ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तात मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांपासून चार वर्ण झाल्याचे सांगितले आहे. तिथे समाज एका क्षणात, वरून खाली, कायमचा ठरून जातो. अग्गञ्ञसुत्तातील समाज मात्र पायरीपायरीने, माणसांच्या वागण्यातून आणि गरजांतून घडतो. हा दोन कथांमधला फरक लक्षात ठेवून पुढे जाऊ.

तांदळाची साठवण आणि पहिली चोरी

सुत्तातील कथा थोडक्यात अशी. आरंभीचे जीव प्रकाशमय होते. हळूहळू ते पृथ्वीचा रस चाखू लागले, त्यांची शरीरे जड झाली, त्यांच्यात रंगरूपाचा भेद आणि त्याबरोबर गर्व आला. पुढे नांगरल्यावाचून उगवणारा, कोंडा-तूस नसलेला तांदूळ त्यांना मिळू लागला. संध्याकाळी काढावा तर सकाळी पुन्हा तयार. तेव्हा कोणाला साठवणुकीची गरज नव्हती.

मग एकाला आळस आला. दोन वेळा जाण्यापेक्षा एकदाच जाऊन दोन्ही वेळचा तांदूळ आणावा असे त्याला वाटले. दुसऱ्याने ते पाहून दोन दिवसांचा आणला, तिसऱ्याने चार दिवसांचा, चौथ्याने आठ दिवसांचा. साठवण सुरू झाली तसा तांदळाला तूस आले आणि कापलेले पुन्हा उगवेनासे झाले. लोकांनी शेते वाटून घेतली, बांध घातले. तेव्हा एका हावऱ्याने आपला वाटा राखून दुसऱ्याचा वाटा घेतला. लोकांनी त्याला पकडले, समज दिली. त्याने पुन्हा तेच केले. तिसऱ्या वेळी कोणी हाताने मारले, कोणी ढेकळांनी, कोणी काठीने. सुत्त सांगते की चोरी, निंदा, खोटे बोलणे आणि दंड या चार गोष्टी तेव्हापासून जगात आल्या.

मी बँकेत काम करतो. पैशाच्या साठवणुकीशी रोजचा संबंध असल्याने हा भाग मला फार अर्थपूर्ण वाटतो. चोरी हा केवळ चोराचा दोष म्हणून सुत्तात येत नाही. तिच्याआधी साठवण आहे, साठवणुकीच्या आधी हाव आणि आळस आहे. परिणामाच्या मागे कारण शोधण्याची ही बौद्ध पद्धत आहे. आणि आणखी एक गोष्ट अशी की, काठ्या घेऊन धावणारी गर्दी हाही सुत्ताच्या दृष्टीने बिघाडच आहे. त्या गर्दीच्या जागी कोणीतरी जबाबदार माणूस हवा, या गरजेतून राजा जन्मला.

तीन नावे : महासम्मत, खत्तिय, राजा

लोक एकत्र जमले आणि दुःख व्यक्त करू लागले. त्यांनी ठरवले की, आपल्यापैकी एकाला निवडावे. जिथे रागवणे योग्य तिथे त्याने रागवावे, जिथे दोष देणे योग्य तिथे दोष द्यावा, ज्याला घालवून देणे योग्य त्याला घालवून द्यावे. त्याच्या मोबदल्यात आपण त्याला आपल्या तांदळाचा वाटा देऊ. मग त्यांनी आपल्यातल्या देखण्या, प्रसन्न आणि वजनदार अशा एका माणसाकडे जाऊन विनंती केली. त्याने ती मान्य केली.

या माणसाला लोकांनी तीन नावे दिली, आणि ती एका क्रमाने दिली असे सुत्त सांगते.

१) महासम्मत : हे पहिले नाव. महाजनांनी, म्हणजे बहुसंख्य लोकांनी संमत केलेला. तो पदावर कसा आला हे या नावात आहे.

२) खत्तिय : हे दुसरे नाव. पालीत शेताला 'खेत्त' म्हणतात. शेतांचा अधिपती, म्हणजे त्यांची राखण करणारा, तो खत्तिय. आपला 'शेत' हा शब्दही 'क्षेत्र' यापासूनच आला आहे. त्याच्याकडे काय सोपवले हे या नावात आहे.

३) राजा : हे तिसरे नाव. धम्माने इतरांना संतुष्ट करतो म्हणून राजा. तो कसा वागतो हे या नावात आहे.

या क्रमाकडे वाचकांनी बारकाईने पाहावे. 'राजा' हे नाव सर्वांत शेवटी येते. आधी लोकांची संमती, मग सोपवलेले काम, आणि ते काम धम्माने केल्यावर लोकांच्या समाधानातून मिळालेली पदवी. आज आपण क्रम उलटा करतो. आधी पदवी घेतो, मग काम शोधतो आणि संमती असल्याचे गृहीत धरतो.

दुसरा महत्त्वाचा शब्द 'धम्माने' हा आहे. नुसते रंजन म्हणजे राजधर्म नव्हे. लोकांना खूश करण्याचे पुष्कळ मार्ग आहेत. मेजवान्या आहेत, मिरवणुका आहेत, आश्वासने आहेत. सुत्तातील निरुक्तीतून 'धम्माने' एवढा एक शब्द काढला, तर रंजनाचे मनोरंजन व्हायला वेळ लागत नाही.

तिसरी गोष्ट मोबदल्याची. तांदळाचा वाटा ही दक्षिणा नव्हे, खंडणीही नव्हे. तो ठरलेल्या कामाचा ठरलेला पगार आहे. सुत्त पुढे हेही स्पष्ट करते की, हा निवडलेला माणूस त्याच लोकांपैकी, त्यांच्यासारखाच होता, वेगळा नव्हता. इतर वर्णही असेच, त्याच माणसांमधून, कामांवरून झाले. यामुळे जन्माने श्रेष्ठ असल्याचा दावा मुळातच निकालात निघतो.

देवाचा अंश की लोकांचा नोकर?

याच्या अगदी उलट विचार मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात सापडतो. तिथे इंद्र, वायू, यम, सूर्य, अग्नी, वरुण, चंद्र आणि कुबेर या आठ देवांचे अंश घेऊन ईश्वराने राजा निर्माण केला, असे सांगितले आहे. राजा बालक असला तरी तो मनुष्य आहे असे समजून त्याचा अवमान करू नये, कारण ती मनुष्यरूपातली मोठी देवता आहे, अशी आज्ञा आहे. देवाच्या अंशाला जाब कोण विचारणार? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे या ग्रंथाचे दहन झाले, ते प्रामुख्याने त्यातील विषमतेच्या आज्ञांमुळे. परंतु सत्तेला प्रश्नापलीकडे नेणारा हा विचारही त्याच विषमतेचा भाग होता.

लोकांनी राजा नेमल्याचा विचार केवळ बौद्ध वाङ्मयातच आहे असे मात्र म्हणता येणार नाही. अथर्ववेदात लोक राजाची निवड करतात असा उल्लेख येतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही, मोठा मासा लहान माशाला गिळतो तशा अवस्थेला कंटाळून लोकांनी मनूला राजा केले आणि धान्याचा सहावा हिस्सा ठरवून दिला, अशी कथा आहे. परंतु अर्थशास्त्रात ही कथा हेराच्या तोंडी आहे, आणि राजाचा अवमान करू नये हे लोकांना पटवणे हा तिचा उद्देश आहे.

बौद्ध परंपरेने त्याच सहाव्या हिश्श्यावरून नेमका उलटा निष्कर्ष काढला. नागार्जुनांचे शिष्य आर्यदेव यांनी 'चतुःशतक' या ग्रंथात राजाला सरळ विचारले आहे की, तू समुदायाचा दास, सहाव्या हिश्श्यावर पोसलेला, मग तुला गर्व कशाचा? राजसत्तेच्या काळात राजालाच असा प्रश्न विचारणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

शाक्यांचा राजा आणि झाडाखालचा भिक्षू

तथागतांच्या काळी 'राजा' हा शब्द एकाच अर्थाने वापरला जात नव्हता. मगध आणि कोसल येथे एकट्याची सत्ता होती. शाक्य, लिच्छवी, मल्ल यांच्या गणांत मात्र कारभार सभागृहात, म्हणजे संथागारात चाले. जातक अट्ठकथेत वैशालीला ७,७०७ राजे असल्याचे म्हटले आहे. आकडा शब्दशः घेण्याचे कारण नाही, पण कुळप्रमुखांना सरसकट राजा म्हणत हे त्यावरून दिसते. कौटिल्यानेही अशा गणांना 'राजशब्दोपजीवी', म्हणजे राजा ही पदवी मिरवणारे, असे म्हटले आहे. धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात शाक्यांच्या गणराज्याची चर्चा केली आहे, ती विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावी. मात्र या गणांतही सत्ता काही कुळांपुरतीच होती, दास आणि कामकरी यांना सभागृहात जागा नव्हती, हेही विसरू नये.

विनयपिटकात भद्दिय नावाच्या शाक्य राजाची गोष्ट आहे. तो अनुरुद्धाबरोबर भिक्षू झाला. अरण्यात झाडाखाली बसून तो वारंवार 'काय हे सुख!' असे उद्गार काढी. इतर भिक्षूंना वाटले, याला राज्यसुख आठवते. तथागतांनी बोलावून विचारले तेव्हा तो म्हणाला की, राजा असताना महालाच्या आत पहारा, बाहेर पहारा, नगरात पहारा, तरी मी भ्यालेला असे. आज एकटा आहे आणि निर्भय आहे. ज्याला पहाऱ्याशिवाय लोकांत वावरता येत नाही तो नावापुरता राजा, हे या गोष्टीचे मर्म आहे.

संघातील 'सम्मती'

'महासम्मत' या नावातला 'सम्मत' हा शब्द भिक्खूसंघाच्या रोजच्या कारभारातही येतो. भोजनाची वाटणी करणारा, चीवरे स्वीकारणारा, कोठार सांभाळणारा भांडागारिक असे पदाधिकारी संघ नेमत असे. आधी त्या भिक्षूची तयारी विचारत. मग संघापुढे ठराव मांडत. कोणाचा विरोध नसेल तर तो 'सम्मत' झाला. त्याच्या अंगी पाच गोष्टी असाव्यात असा नियम होता. त्याने आवडीनिवडीने वागू नये, द्वेषाने वागू नये, अज्ञानाने वागू नये, भीतीने वागू नये, आणि आपले काम त्याला कळत असावे. भांडागारिकाच्या बाबतीत, कोणती वस्तू नीट राखली आहे आणि कोणती नाही हे त्याला ठाऊक असावे, असे म्हटले आहे. कोणत्याही संस्थेच्या खजिनदारासाठी याहून चांगला नियम आजही करता येणार नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या परंपरेचे स्मरण करून दिले. ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे नियम भिक्खूसंघांना ठाऊक होते, आणि ते त्या काळच्या राजकीय सभांतून घेतले असावेत, असे त्यांनी सांगितले. त्याच भाषणात त्यांनी इशाराही दिला की, राजकारणातली व्यक्तिपूजा हा हुकूमशाहीकडे नेणारा मार्ग आहे.

सम्राट अशोकाचे ऋण

सम्राट अशोकाच्या शिलालेखांत 'देवानंपिय पियदसि राजा' असा उल्लेख येतो. महाराजाधिराज वगैरे लांबलचक बिरुदे त्यात नाहीत. सहाव्या शिलालेखात तो म्हणतो की, मी जेवत असो वा अंतःपुरात असो, लोकांचे काम कोणत्याही वेळी माझ्यापर्यंत आणावे. सर्व लोकांचे हित हे कर्तव्य मानून आपण प्राणिमात्रांच्या ऋणातून मुक्त होऊ इच्छितो, असे कारण त्याने दिले आहे. राजा स्वतःला देणेकरी समजतो, ही भाषा महासम्मताच्या कथेला शोभणारी आहे.

आठव्या शिलालेखाचा एक तुकडा आपल्या महाराष्ट्रात, सोपारा येथे, १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, आपण मात्र धम्मयात्रा सुरू केल्या, त्यात गावोगावच्या लोकांची भेट होते, असा त्या लेखाचा आशय आहे.

शब्दाची घसरण आणि शब्दाचा प्रवास

पुढे महासम्मत या शब्दाचे काय झाले हेही सांगितले पाहिजे. श्रीलंकेच्या 'महावंस' ग्रंथात महासम्मतापासून राजवंश मोजला आहे. ब्रह्मदेशातील राजांनीही त्याचा वारसा सांगितला. म्हणजे लोकांनी निवडलेल्या माणसाचे नाव वंशपरंपरेच्या समर्थनासाठी वापरले गेले. शब्द कितीही चांगला असला तरी तो आपोआप स्वतःचे रक्षण करू शकत नाही. त्याचा अर्थ लोकांना माहीत असेल तरच तो टिकतो.

आपल्या मराठीत हा शब्द निराळ्या वाटेने गेला. राजा, राय, राव असा त्याचा प्रवास झाला. राज्ञीची राणी झाली, राजपुत्राचा राऊत झाला, राजकुलाचे राऊळ झाले. एके काळी मानकऱ्यांपुरता असलेला 'राव' पुढे असंख्य नावांना लागला, भीमराव या नावालाही लागला. आज तर मित्र मित्राला 'काय राव' म्हणतो. सिंहासनावरचा शब्द असा लोकांच्या ओठी आला. भारत सरकारने माजी संस्थानिकांना दिलेली राजे म्हणून मान्यता आणि त्यांचे तनखे १९७१ साली संविधानाच्या २६ व्या दुरुस्तीने संपले.

आपल्यासाठी बोध

राजे गेले, पण अधिकारपदे राहिली. खासदार आहेत, सरपंच आहेत, साहेब आहेत, आणि आपल्यासारख्या संस्थांचे अध्यक्ष, चिटणीस आहेत. खातेदारांचा पैसा बँकेत असतो म्हणून व्यवस्थापक त्याचा मालक होत नाही. तो राखणदार असतो आणि दिवसाच्या शेवटी त्याला हिशेब जुळवावाच लागतो. हाच न्याय प्रत्येक पदाला लागू आहे. म्हणून कोणत्याही पदाधिकाऱ्याकडे पाहताना, आणि स्वतः पदावर असू तर स्वतःकडे पाहताना, ती तीन नावे तीन प्रश्नांच्या रूपाने विचारावीत. तू संमतीने आलास काय? सोपवलेल्या शेताची राखण केलीस काय? धम्माने वागून लोकांना समाधान दिलेस काय? तिन्ही उत्तरे 'होय' आली तरच त्याला राजा म्हणावे.

मात्र ज्यांनी संमती द्यायची तेच सर्वसाधारण सभेला आले नाहीत, तर दोष केवळ राजाचा नाही. महासम्मताच्या कथेत आधी लोक एकत्र जमले, हे विसरून चालणार नाही.

अभ्यास मंडळात चर्चेसाठी प्रश्न

१) पुरुषसूक्त आणि अग्गञ्ञसुत्त यांतील समाजाच्या उत्पत्तीच्या कल्पनांत कोणता फरक आहे?
२) महासम्मत, खत्तिय आणि राजा या नावांचा क्रम बदलला तर अर्थात काय फरक पडेल?
३) 'धम्माने संतुष्ट करणे' आणि 'खूश करणे' यांतील फरक आपल्या परिसरातील उदाहरणाने स्पष्ट करा.
४) भांडागारिकाच्या अंगी सांगितलेल्या पाच गोष्टी आपल्या संस्थेच्या नियमांत कशा आणता येतील?

नमो बुद्धाय! जय भीम!